प्राध्यापकाच्या घरातले नभोवाणी केंद्र

‘आकाशवाणी’ हा शब्द आपल्या मराठी व कन्नड दोन्ही घरांत सारखाच रुळलेला आहे. नभोवाणी केंद्राला हे नाव प्रथम लाभले ते म्हैसूरला, एका प्राध्यापकाच्या घरी.

डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवीत. नभोवाणी म्हणजे त्या काळी आतबट्ट्याचा व्यवहार. १९२७ साली मुंबईत सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी परवाना-शुल्काचे उत्पन्न तुटपुंजे पडल्याने १९३० मध्येच गुंडाळावी लागली होती. तरीही १० सप्टेंबर १९३५ रोजी गोपालस्वामींनी राहत्या घरी अवघ्या ३० वॅटचे प्रक्षेपण यंत्र चालू केले. नफ्याची आशा नव्हती. पदरमोड मात्र होती. पुढे २५० वॅटचे यंत्र आले, नगरपालिकेने हात दिला. पण असा प्रपंच एकट्याने किती दिवस ओढायचा? १९४२ मध्ये म्हैसूर संस्थानाने केंद्र ताब्यात घेतले, १९५० मध्ये ते भारत सरकारकडे गेले. १९५७ साली गोपालस्वामी निवर्तले.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांच्या ताळेबंदात हा धंदा तोट्याचाच ठरेल. परंतु मुंबईची ती भांडवलदार कंपनी आज विस्मृतीत गेली आहे, आणि २०२३ पासून इंग्रजी प्रसारणातही ‘ऑल इंडिया रेडिओ’ऐवजी ‘आकाशवाणी’ हेच नाव घेतले जाते. ही शिल्लक कोणत्या खात्यावर मांडावी?