मूठभर मतांचे दादाभाई

गणेशोत्सवात लोकमान्यांचे स्मरण आपण नेहमीच करतो. यंदा आम्ही अशा एका थोर पुरुषाविषयी लिहीत आहोत, ज्यांना लोकमान्यही वडीलधारे मानत. ते म्हणजे दादाभाई नवरोजी. आपल्या येळ्ळुरात निवडणूक आली की पारावर मतांची बेरीज-वजाबाकी रात्र रात्र चालते. मूठभर मतांनी काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दादाभाईंचे सारे सार्वजनिक आयुष्य अशाच मूठभर मतांवर फिरले.

त्यांचा जन्म 4 सप्टेंबर 1825 चा. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. आई माणेकबाईंनी कष्टाने मुलाला शिकवले. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकून ते तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. 1849 मध्ये त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा काढल्या. सुरुवातीला हे तरुण स्वतःच बिनपगारी शिकवत. जगन्नाथ शंकरशेठ यांनी मराठी शाळेला जागा दिली. पुढे दादाभाई व्यापारानिमित्त विलायतेला गेले. 1874 मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या बडोद्याची दिवाणगिरीही त्यांनी काही काळ सांभाळली.

हिंदुस्थानची संपत्ती दरवर्षी विलायतेला वाहून जाते, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले. पण ऐकणार कोण? कायदे जिथे होतात तिथेच जाऊन बोलले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. 1886 मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघातून ते उभे राहिले आणि हरले. त्यांच्या वर्णावरून खुद्द पंतप्रधान सॉलिस्बरींनी हिणवले. त्या बोलण्याने अनेक इंग्रजही चिडले आणि दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचले.

1892 मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून पुन्हा उभे राहिले. घड्याळे बनवणाऱ्या कारागिरांची तिथे मोठी वस्ती होती. दोन्ही उमेदवारांना प्रत्येकी तीन हजारांच्या आसपास मते पडली आणि दादाभाई निवडून आले. फरक किती? एका हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढाच! नवरोजी या नावावर कोटी करून लोक त्यांना गमतीने 'नॅरो मेजॉरिटी', म्हणजे निसटते बहुमत, म्हणू लागले.

पण त्या मूठभर मतांचे त्यांनी काय केले ते पाहा. सनदी परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव 1893 मध्ये पार्लमेंटात मंजूर झाला. त्यामागे त्यांची खटपट होती. सरकारने तो अमलात आणला नाही, हे खरे. त्याच वर्षी ते लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1895 मध्ये पार्लमेंटची जागा गेली, तरी त्यांनी काम सोडले नाही.

1906 मध्ये कलकत्ता काँग्रेसचा अध्यक्ष कोण, यावरून जहाल आणि मवाळ यांच्यात ताण पडला. जहालांना टिळक हवे होते, मवाळांना ते नको होते. शेवटी 81 वर्षांच्या दादाभाईंना विलायतेहून बोलावले. त्यांच्या नावाला विरोध करणे कुणालाच शक्य नव्हते. त्याच व्यासपीठावरून त्यांनी स्वराज्य हे ध्येय जाहीर केले. पुढच्याच वर्षी सुरतेला अध्यक्षपदाच्याच वादात काँग्रेस फुटली. एका माणसाच्या शब्दाला केवढे वजन होते, ते त्यावरून कळते.

त्यानंतर दहा वर्षांनी, एप्रिल 1916 मध्ये, टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती आपल्या बेळगावात. दादाभाईंनी उच्चारलेला शब्द असा आपल्या उंबरठ्यापर्यंत आला. 30 जून 1917 रोजी दादाभाई गेले. स्वराज्य पाहायला ते राहिले नाहीत.

सीमाभागात आपल्या कित्येक घरांत तीन तीन पिढ्या अर्ज-विनंत्यांत आणि मतपेटीपुढच्या रांगेत गेल्या. आपल्या एका मताने काय होणार, असे तरुण मुले कधी कधी विचारतात. त्यांना आम्ही दादाभाईंची ही गोष्ट सांगतो. चार-दोन मतदार त्या दिवशी घरीच बसले असते, तर पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू मांडायला दादाभाई पोहोचलेच नसते. आणि हरल्यावरही काम चालू ठेवायचे असते, हेही त्यांच्याकडूनच शिकावे.