नगरपालिकेतील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव उच्चारताच भिडे वाड्यातील मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ डोळ्यांसमोर उभा राहतो. 11 एप्रिल आणि 28 नोव्हेंबर या दोन दिवशी आम्ही शिक्षक मंडळी व्यासपीठावरून हेच सांगत आलो आहोत, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु त्यांच्या चरित्रातील सहा वर्षांचा एक कालखंड बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. 1876 ते 1882 या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. तेव्हापासून या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी प्रभागातील निवडणुका जवळून पाहिल्या आहेत. काहींच्या घरांतून उमेदवारही उभे राहिले असतील. अशा वाचकांपुढे नगरपालिकेतील जोतीराव ठेवावेत, असे आम्हांस वाटले.

जोतीरावांचे मूळ घराणे आपल्याच मुलखातले. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण हे त्यांचे मूळ गाव. घराण्याचे आडनाव गोऱ्हे, गावात चौगुलेपण. गावच्या कुलकर्ण्याशी आलेल्या वैरामुळे पूर्वजांना गाव सोडावे लागले, असे चरित्रकार नोंदवितात. पुढे पुरंदर तालुक्यातील खानवडी आणि तेथून पुणे असा या कुटुंबाचा प्रवास झाला. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. 1827 मध्ये जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले, मग लोकांच्या सांगण्यावरून काढले आणि शेतीत लावले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा मुलगा पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागला. एका मुसलमानाच्या व एका ख्रिस्ती माणसाच्या शब्दाखातर बहुजनांचा हा उद्धारकर्ता शिकला, ही गोष्ट आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. 1840 मध्ये सातारा जिल्ह्यातीलच नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. 1848 पासूनचा शाळांचा इतिहास सर्वज्ञात आहे; त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधणे जरूर आहे. जोतीरावांनी समाजकार्यावर कधी पोट भरले नाही. ते शेती करीत, भाजीपाल्याचा व्यापार करीत आणि बांधकामाचे ठेकेदारही होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या संस्थेशी त्यांचा संबंध होता. खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी माल पुरविला. कात्रजच्या बोगद्याच्या कामाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. दगड, चुना, मजुरी, हजेरी, बिले हे सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले होते. मजुराच्या हातात पडणारा पैसा आणि कागदावर लिहिलेला पैसा यांत कोठे फरक पडतो, हे त्यांनी पाहिले होते. इंजिनियर खात्यातील कारभारावर त्यांनी पोवाडा रचला तो याच अनुभवातून. नगरपालिकेत जाऊन बसलेला हा सदस्य हिशेब वाचू शकणारा होता, ही साधी वाटणारी बाब पुढील प्रसंग समजून घेताना उपयोगी पडते.

आता त्या काळची नगरपालिका कशी होती ते पाहू. आज जसे मतदार यादी, प्रभाग, मतदान असते, तसे तेव्हा काहीच नव्हते. पुण्याची नगरपालिका 1857-58 च्या सुमारास स्थापन झाली आणि तिचे सदस्य सरकार नेमीत असे. सरकारी अधिकारी आणि शहरातील वजनदार मंडळी यांचाच तेथे वरचष्मा असे. ज्याला सरकारने बसविले त्याने सरकारच्या ठरावाला मान डोलवावी, हाच रिवाज. या मंडळींत शूद्र म्हणून हिणविलेल्या माळी समाजातील, मिशनच्या शाळेत शिकलेला, मुलींच्या व महार-मांगांच्या मुलांच्या शाळा काढून बदनाम झालेला एक सदस्य येऊन बसला. 1868 मध्ये त्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. 1873 मध्ये त्याने सत्यशोधक समाज स्थापिला होता. एवढी पार्श्वभूमी घेऊन नगरपालिकेच्या दारात शिरलेला दुसरा माणूस त्या सभागृहात असणे शक्यच नव्हते.

सदस्यत्वाची सुरुवातच दुष्काळात झाली. 1876 ते 1878 चा तो भीषण दुष्काळ दख्खनभर पसरला. आपल्या सातारा-सांगलीकडच्या दुष्काळी पट्ट्यातील वृद्धांच्या तोंडीही त्याच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढला आणि 1877 मध्ये जोतीरावांनी त्यासाठी लोकांकडे मदतीची याचना केली. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर भागात कार्यकर्त्यांसह अन्नछत्रांच्या कामात होत्या. पद नगरपालिकेचे आणि काम शहराच्या हद्दीबाहेरच्या भुकेल्यांचे, असा हा प्रकार. माझा वॉर्ड, माझे मतदार अशी भाषा तेव्हा जन्मालाच आली नव्हती. आली असती तरी जोतीरावांना ती रुचली नसती असे आम्हांस वाटते.

त्यांच्या सदस्यत्वातील सर्वांत गाजलेला प्रसंग व्हाइसरॉयच्या पुणेभेटीच्या निमित्ताचा. देशाचा सर्वोच्च गोरा अधिकारी येणार, म्हणून शहर शृंगारावे, मानपत्र द्यावे आणि त्यासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव सभेपुढे आला. तेव्हाचे हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. जोतीरावांनीच पुढे प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान बारा रुपये पगार असावा अशी मागणी केली होती. त्या हिशेबाने पाहिले तर त्या हजार रुपयांत जवळजवळ सात शिक्षकांचा वर्षभराचा पगार निघाला असता. जोतीरावांनी सभेत सुचविले की हा पैसा कमानी आणि पताकांवर न उधळता गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा. सभागृहात बत्तीस नियुक्त सदस्य होते. मतदान झाले तेव्हा ठरावाच्या विरोधात एकट्या जोतीरावांचे मत पडले.

येथे थोडे थांबले पाहिजे. जोतीरावांना ब्रिटिशधार्जिणे ठरविण्याची एक पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शाळेचे दार उघडले, असे ते म्हणत, हे खरेच आहे. परंतु ज्या सरकारने त्यांना खुर्चीवर बसविले, त्याच सरकारच्या प्रतिनिधीच्या स्वागताला त्यांनी एकट्याने विरोध केला. स्वतःला राष्ट्राभिमानी समजणारे कितीतरी प्रतिष्ठित त्या दिवशी त्याच शहरात होते. नकार मात्र माळ्याच्या मुलाने दिला. आमच्या मते ब्रिटिशधार्जिणेपणाच्या आरोपाचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा या एका मतात शोधावे.

दारूचा प्रश्नही त्यांनी असाच हाताळला. नगरपालिका शहराच्या आरोग्यासाठी निरीक्षक नेमते, त्यावर पैसे खर्च करते आणि दुसरीकडे सरकार शहराच्या वस्तीत दारूच्या दुकानांना परवाने देत सुटते, ही विसंगती त्यांना खटकली. 1880 मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना लेखी पत्र दिले. दारूमुळे लोकांचे आरोग्य आणि संसार दोन्ही धुळीस मिळतात, तेव्हा आरोग्यखात्यावर होणारा खर्चच व्यर्थ जातो, असा त्यांचा मुद्दा होता. उपायही त्यांनी सुचविला: या दुकानांमुळे शहराचे जेवढे नुकसान होते त्या प्रमाणात त्यांच्यावर नगरपालिकेने कर बसवावा. आम्हांस या पत्राची मांडणी विलक्षण वाटते. त्यात कीर्तनकाराची नीतिकथा नाही. जमाखर्च जाणणाऱ्याचा युक्तिवाद आहे. एका हाताने औषध द्यायचे व दुसऱ्या हाताने विष विकायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे, एवढेच ते सरकारला त्याच्याच भाषेत समजावून देतात. औद्योगिक वसाहतीत पगाराच्या दिवशी कामगारांच्या घरी काय होते, हे कुपवाडच्या मायबहिणींना वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुण्यात भव्य मंडई बांधण्याच्या बेतालाही जोतीराव आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. लाखो रुपये इमारतीत घालण्यापेक्षा तो पैसा शिक्षणासाठी वापरावा, हे त्यांचे म्हणणे. मंडई अर्थात झालीच. 1886 मध्ये ती उभी राहिली आणि तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्या वास्तूचे नाव बदलून महात्मा फुले मंडई ठेवण्यात आले. ज्या बांधकामाला त्यांनी विरोध केला त्याच्याच माथ्यावर आज त्यांचे नाव आहे. भाजी विकणाऱ्या कष्टकरी समाजाचा सन्मान म्हणून ते नाव शोभतेही. परंतु तेथून जाताना त्यांचा मूळ आक्षेपही आठवावा.

आता या सहा वर्षांचे सार ज्या कागदात उतरले तो कागद. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन सादर केले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, किमान बाराव्या वर्षापर्यंत, ही त्यातील मागणी आपण सारे जाणतो. परंतु त्याच निवेदनात स्थानिक कारभाराविषयी जे लिहिले आहे ते फारसे वाचले जात नाही. लोकल फंडाचा निम्मा पैसा प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवावा, असे त्यांनी मागितले. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, असेही सांगितले. मात्र शाळांचे व्यवस्थापन पूर्णपणे नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या स्वाधीन करू नये, ते शिक्षणखात्याच्या देखरेखीखालीच असावे, असा स्पष्ट आग्रह धरला. कारण या मंडळांवर बसणारे कोण? पाटील, इनामदार, सरदार. पैशावर डोळसपणे नियंत्रण ठेवण्याची त्यांची कुवत नाही, असे जोतीरावांनी सरळ लिहून टाकले.

हे लिहिणारा माणूस बाहेरून टीका करणारा नव्हता. सहा वर्षे त्याच सभागृहात बसून आलेला सदस्य हे सांगत होता. आणि तो हे केव्हा सांगत होता? त्याच 1882 मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. लोकांच्या हाती कारभार येणार म्हणून सुशिक्षित वर्गात आनंदीआनंद होता. पुढील काही वर्षांत नगरपालिकांत निवडून आलेले सदस्य बसू लागले. पण मताचा हक्क मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला होता. ज्याच्या नावावर घर नाही, ज्याच्या अंगावर धड वस्त्र नाही, त्याला मत नव्हते. कारभार लोकांच्या हाती, पण लोक म्हणजे कोण, हा प्रश्न जोतीरावांनी त्या उत्सवाच्या वेळीच विचारून ठेवला होता.

त्याचे प्रत्यंतर चार दशकांनी महाडात आले. सीताराम केशव बोले यांनी 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा सहृदय माणूस त्या नगरपालिकेचा अध्यक्ष होता. तरीही कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले, आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तेथे जाऊन पाण्याला हात लावावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. सभागृहात बहुसंख्या कोणाची आहे यावर ठरावाचे आयुष्य अवलंबून असते, हे बाबासाहेबांनी तेथे अनुभवले. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना त्यांनी गुरू मानले, आणि 1946 मध्ये ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रौढ मतदानाचा हक्क आणि राखीव जागा यांच्यामागे हा सारा इतिहास उभा आहे. 1992 च्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांतही अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्या जागा घटनेनेच निश्चित केल्या. आज आपल्या वस्तीतील एखादी भगिनी नगरसेविका म्हणून सभागृहात जाते, तेव्हा ती कोणाच्या मेहरबानीने जात नाही. जोतीरावांना मात्र सरकारी मेहरबानीच्या खुर्चीवर बसूनच नाही म्हणावे लागले होते.

सदस्यत्व संपल्यावर जोतीराव ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण करण्याच्या कामी लागले. 11 मे 1888 रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे झाले. ते डाव्या हाताने लिहीत राहिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह दहन न करता घराच्या आवारात मीठ घालून पुरावा, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवलेला होता. परंतु राहत्या वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही, आणि ज्या संस्थेत त्यांनी सहा वर्षे घालविली तिच्याच नियमामुळे त्यांचे दहन करावे लागले. अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या. पुढे जोतीरावांच्या अस्थी आणून घरामागच्या त्याच जागेत ठेवण्यात आल्या.