नोटीस बोर्डावरचं नाव

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या दोघांची नावं नोटीस बोर्डावर लागली. रात्री मेसच्या मागे मारामारी झाली होती. पहिला हात कुणी उचलला हे आजही कुणाला धड सांगता येत नाही, पण सापडले हे दोघं. एक सेमिस्टर सस्पेंड, होस्टेल बंद. त्यातला एक परत आला. दुसरा माझा रूम पार्टनर, तो गावी गेला तो गेलाच. फोनवर दोन शब्दांच्या पुढे जात नाही. त्याची गादी अजून कपाटावर गुंडाळून ठेवली आहे.

त्याच दिवसांत लायब्ररीत सुभाषचंद्र बोसांचं आत्मचरित्र हाती लागलं. नेताजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आझाद हिंद सेनेचा गणवेश येतो. पण मला त्यात भेटला तो १९ वर्षांचा, कॉलेजातून काढलेला एक पोरगा!

हा पोरगा हुशार होता, म्हणजे भलताच. १९१३ साली मॅट्रिकला कलकत्ता विद्यापीठात दुसरा. मग कलकत्त्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज. तिथे ओटन नावाचे इतिहासाचे इंग्रज प्राध्यापक होते. जानेवारी १९१६ मध्ये व्हरांड्यात त्यांनी मुलांना धक्काबुक्की केल्याची तक्रार झाली. संप झाला, मिटला, वर दंडही झाला. फेब्रुवारीत पुन्हा तेच, आणि यावेळी मुलांनी ओटनसाहेबांना जिन्याजवळ गाठून चोपलं. सुभाष वर्गप्रतिनिधी होता. आपण ते डोळ्यांनी पाहिलं एवढं त्याने पुढे लिहिलं, पण नावं कुणाचीच सांगितली नाहीत. प्रिन्सिपॉल जेम्स यांनी त्याला बोलावून सस्पेंड केलं. गव्हर्निंग बॉडीने त्यावर शिक्का मारला. दुसऱ्या कॉलेजात शिकू द्या म्हणून त्याने विद्यापीठाकडे अर्ज केला, तोही फेटाळला गेला. थोडक्यात, सगळीच दारं बंद!

सर आशुतोष मुखर्जींच्या चौकशी समितीपुढे त्याला विचारण्यात आलं, की मारहाण योग्य होती का. योग्य नव्हती, पण मुलांना तसंच डिवचलं गेलं होतं, असं तो म्हणाला, आणि आधीच्या सगळ्या तक्रारी वाचून दाखवल्या. नुसता निषेध करून गप्प बसला असता तर कदाचित सुटला असता. (आपल्यापैकी किती जण असं बोलले असते? मी तरी नाही.)

मार्चच्या शेवटी तो रेल्वेने कटकला घरी गेला. वडील जानकीनाथ नामांकित वकील. घरी गेल्यावर आईवडिलांनी त्याला टोचून एक प्रश्नही विचारला नाही! माझ्या पार्टनरच्या घरी पहिल्याच दिवशी सगळी भावकी गोळा झाली होती, म्हणून हे वाक्य मी दोनदा वाचलं.

पुढचं वर्षभर त्याने केलं काय? बरोबरीच्या पोरांना घेऊन कटकच्या सरकारी दवाखान्यात पटकीच्या वॉर्डात शुश्रूषा केली. तिथे शिकलेल्या नर्स नव्हत्याच, सफाई कामगारच काय ते बघायचे. औषध देणं, घाण काढणं, सगळं या पोरांनी केलं. पुढे कलकत्त्याला जाऊन पलटणीत भरती होऊन पाहिलं, तर डोळ्यांच्या तपासणीत नापास.

१९१७ मध्ये विद्यापीठ बंदी उठवेल असं दिसल्यावर तो थेट स्कॉटिश चर्च कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. अर्कहार्ट यांच्याकडे गेला. मला काढून टाकलंय, तत्त्वज्ञानात ऑनर्स करायचंय, असं त्याने आधीच सांगून टाकलं. साहेबांना पोरगा आवडला, पण प्रेसिडेन्सीची ना हरकत चिठ्ठी हवी म्हणाले. आता ती आणायची कशी? थोरला भाऊ शरद मध्ये पडला. प्रेसिडेन्सीचे नवे प्रिन्सिपॉल वर्ड्सवर्थ यांनी सुभाषला बोलावून मागच्या प्रकरणाची उलटतपासणी घेतली आणि शेवटी, झालं त्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं, असं म्हणून चिठ्ठी दिली. मला तर या सगळ्या गोष्टीतला खरा माणूस हाच वाटतो. त्याला नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं.

१९१९ मध्ये सुभाष बी. ए. ला पहिल्या वर्गात, विद्यापीठात दुसरा आला. १९२० मध्ये आय. सी. एस. ला चौथा, आणि १९२१ मध्ये राजीनामा. हे आपण शाळेत घोकलेलंच आहे.

त्यानंतरचं मात्र मला माहीत नव्हतं. बंगालमध्ये १९०५ च्या फाळणीविरोधी चळवळीतच शाळेतून काढलेल्या मुलांचा प्रश्न उभा राहिला होता. चळवळीत जाणाऱ्या मुलांना आवरा, नाहीतर अनुदान बंद, असं सरकारी परिपत्रक निघालं. रंगपूरच्या मुलांना दंड झाला, तर लोकांनी तिथे स्वतःची राष्ट्रीय शाळाच काढली! १९०६ मध्ये कलकत्त्यात राष्ट्रीय कॉलेज निघालं आणि त्याच वर्षी बेंगॉल टेक्निकल इन्स्टिट्यूटही. ही टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणजे आजचं जादवपूर विद्यापीठ. आपण गेटसाठी ज्याच्या प्रोफेसरांची पुस्तकं झिजवतो, त्या कॉलेजचं मूळ हे आहे.

१९२१ च्या असहकारात पुन्हा मुलांनी सरकारी कॉलेजं सोडली. त्यांच्यासाठी देशबंधू दासांनी कलकत्त्यात राष्ट्रीय कॉलेज चालवलं आणि प्रिन्सिपॉल म्हणून नेमलं सुभाषला. वय २४! पाच वर्षांपूर्वी जो प्रिन्सिपॉलच्या टेबलासमोर उभा होता, तो आता टेबलाच्या पलीकडे बसला. हे सुख फार टिकलं नाही. डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली. चळवळ ओसरल्यावर बरीच मुलं आपापल्या जुन्या कॉलेजांकडे वळली.

पार्टनरचं सस्पेन्शन संपून महिना झाला. री-अॅडमिशनचा फॉर्म ऑफिसमध्ये मिळतो, मी एक आणून ठेवलाय. त्यावर एचओडींची सही लागते. सोमवारी मी त्यांच्या केबिनमध्ये जाणार आहे. आत गेल्यावर सुरुवात कशी करायची, ते अजून ठरत नाहीये.