पटकीचे विष शोधणारे डॉ. शंभुनाथ डे

पटकीच्या साथीत गावेच्या गावे ओस पडल्याच्या कथा आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात या रोगाचा जंतू वेगळा केला; पण आतड्यातच राहणारा हा जंतू माणसाचा प्राण घेतो कसा, हे कोडे पुढे पाऊणशे वर्षे सुटले नाही. ते सोडविले हुगळी जिल्ह्यात १९१५ साली जन्मलेल्या डॉ. शंभुनाथ डे यांनी.

लंडनची पीएच.डी. मिळवून ते कलकत्त्यास परतले. साधने तुटपुंजी, युक्ती मात्र साधी आणि अचूक. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधावयाचा, त्यात जंतू सोडावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पाहावयाचे. आतडे पाण्याने तट्ट फुगलेले असे. पुढे त्यांनी जंतू गाळून काढले व उरलेला द्रव तेवढा आत सोडला. तरीही आतडे फुगले! म्हणजे घातक होते ते जंतूने बाहेर टाकलेले विष. हा निबंध १९५९ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात मिळविले. ते प्रथिन निघाले.

जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचविले होते. स्वदेशातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिले नाही. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या मला याचे नवल वाटत नाही, खंत वाटते. १९८५ साली ते निवर्तले. 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तो १९९० साली.