एडवर्ड जेन्नर

वडीलधाऱ्या माणसांच्या हातावर पुष्कळदा वाटोळे वण दिसतात. लहानपणी देवी काढल्याच्या त्या खुणा होत. आजच्या मुलांना देवी काढून घ्याव्या लागत नाहीत. कारण तो रोगच आता पृथ्वीवर उरलेला नाही. एके काळी मात्र देवीच्या साथीने गावेच्या गावे हवालदिल होत. रोग झालेल्या दर दहा माणसांपैकी दोन-तीन दगावत. जी वाचत, त्यांचे चेहरे वणांनी भरून जात आणि कित्येकांची दृष्टी कायमची जाई. अशा या रोगाला पायबंद घालण्याचा मार्ग ज्याने जगाला दाखविला, तो एडवर्ड जेन्नर हा इंग्लंडमधील एका लहानशा गावचा डॉक्टर होता.

जेन्नरचा जन्म ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली या गावी १७ मे १७४९ रोजी झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. तो पाच वर्षांचा असतानाच ते वारले. आठव्या वर्षी त्याला त्या काळच्या रीतीप्रमाणे देवी टोचण्यात आल्या. ही रीत मोठी धोक्याची होती. देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव घेऊन तो निरोगी माणसाच्या कातडीत घालीत. त्यामुळे बहुधा सौम्य रोग होई आणि माणूस पुढे त्यापासून सुरक्षित राही. परंतु काहींचा त्यातच अंत होई, आणि टोचलेल्या माणसापासून इतरांनाही खऱ्या देवी येत. टोचण्यापूर्वी लहानग्या जेन्नरला उपाशी ठेवण्यात आले आणि त्याचे रक्तही काढण्यात आले.

पुढे त्याने एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १७७० साली तो लंडनला जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्याचा शिष्य झाला. नुसता तर्क करीत न बसता प्रयोग करून पाहावा, ही हंटरची शिकवण त्याच्या मनावर खोल बिंबली. शिक्षण पुरे होताच मोठ्या शहराचा मोह न धरता तो बर्कलीस परतला. रोगी तपासावेत आणि उरलेल्या वेळी रानात हिंडून पक्ष्यांचे निरीक्षण करावे, असा त्याचा क्रम असे. कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याच्या पिलाविषयी त्याने जो शोध लावला, त्यामुळे त्याला रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले.

देवीचा रोग कशाने होतो, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचे कारण एक विषाणू आहे, हे आज आपण जाणतो. विषाणू इतका सूक्ष्म असतो की, जेन्नरच्या काळच्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून तो दिसणे शक्यच नव्हते. रोग्याच्या श्वासाबरोबर व खोकल्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून तो जवळच्या माणसाच्या नाकाघशात शिरे. फोडांतील द्रव, खपल्या आणि रोग्याची वस्त्रे यांतूनही तो पसरे. विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. तो शरीरातील पेशींत शिरतो आणि त्यांच्याकडूनच आपल्यासारखे असंख्य विषाणू तयार करवून घेतो. सुमारे बारा दिवस बाहेर काहीच दिसत नसे. मग एकाएकी ताप भरे आणि थोड्याच दिवसांत अंगभर फोड उठत. मात्र जो यातून वाचे, त्याच्या शरीराला या शत्रूची ओळख पटलेली असे आणि त्याला सहसा पुन्हा देवी येत नसत.

बर्कलीच्या आसपास गाईगुरे पुष्कळ होती. गाईंच्या सडांवर कधी कधी गोस्तन देवीचे फोड येत आणि धार काढणाऱ्यांच्या हातांनाही ते होत. हे दुखणे सौम्य असे. ते ज्यांना झाले त्यांना खऱ्या देवी येत नाहीत, अशी तेथील गवळी लोकांची समजूत होती. बेंजामिन जेस्टी नावाच्या एका शेतकऱ्याने तर १७७४ साली तिच्यावर विसंबून आपल्या बायकोमुलांना गाईच्या फोडातील द्रव टोचलाही होता. परंतु ही समजूत पद्धतशीरपणे पारखून पाहावी आणि जगापुढे मांडावी, हे कार्य जेन्नरने केले. अशा माणसांची माहिती तो वर्षानुवर्षे जमवीत राहिला.

१४ मे १७९६ रोजी त्याने सेरा नेल्म्स या गौळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेतला आणि आपल्या माळ्याचा आठ वर्षांचा मुलगा जेम्स फिप्स याच्या दंडावर टोचला. मुलाला थोडा ताप आला आणि तो लवकरच बरा झाला. खरी कसोटी पुढेच होती. १ जुलै रोजी जेन्नरने त्याला प्रत्यक्ष देवीचा द्रव टोचला. गवळ्यांची समजूत खोटी ठरती, तर एका निरपराध बालकाच्या जिवावर बेतले असते. असा प्रयोग आज कोणालाही करू दिला जाणार नाही. दिवसामागून दिवस गेले. पण जेम्सला देवी आल्या नाहीत.

जेन्नरने हा वृत्तान्त रॉयल सोसायटीकडे धाडला. परंतु तो छापला गेला नाही. अधिक पुरावा हवा, तर त्या भागातील गाईंत दोन वर्षे तो रोगच आढळेना. जेन्नरने धीर सोडला नाही. १७९८ साली तेवीस माणसांची हकीकत देणारे पुस्तक त्याने स्वतःच प्रसिद्ध केले. लॅटिन भाषेत गाईला ‘वाक्का’ म्हणतात. त्यावरूनच ‘व्हॅक्सीन’ हा शब्द रूढ झाला. लस टोचलेल्या माणसांच्या अंगातून गाईची मुंडकी फुटत आहेत, अशी चित्रे काढून लोकांनी त्याची थट्टा केली. तो मात्र आपल्या बागेतील लहानशा झोपडीत गोरगरिबांना फुकट लस टोचीत राहिला.

लस लवकरच देशोदेशी गेली. बगदाद, बसरा या मार्गाने ती मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. भारतातील ही पहिली लस होय. तिच्या दंडावरील फोडातून दुसऱ्यांना, त्यांच्यापासून आणखी कोणाला, अशी ती दंडादंडांतून पुढे देशभर गेली.

इंग्लंडच्या पार्लमेंटने जेन्नरला प्रथम १०,००० आणि पुढे २०,००० पौंड दिले. जेम्स फिप्सला तो विसरला नाही. त्याने त्याला राहावयास बिनभाड्याचे घर दिले. लसीचे संरक्षण जन्मभर टिकते, हा जेन्नरचा समज मात्र पुढे चुकीचा ठरला आणि काही वर्षांनी पुन्हा लस टोचणे आवश्यक झाले. २६ जानेवारी १८२३ रोजी बर्कली येथे त्याचे निधन झाले.

विषाणूंचा पहिला सुगावा विज्ञानाला लागला तो १८९२ साली, म्हणजे जेन्नरच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. ज्या शत्रूचे रूप त्याने कधी पाहिले नाही आणि ज्याचे नावही त्याला माहीत नव्हते, त्याच्याविरुद्ध त्याने माणसाच्या हाती शस्त्र दिले. गोठ्यातील साध्या माणसांच्या अनुभवाला त्याने तुच्छ मानले नाही. पण पारखल्यावाचून तो स्वीकारलाही नाही. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे घोषित केले. बर्कलीच्या गोठ्यात सुरू झालेले कार्य अशा रीतीने पूर्णत्वास गेले.