विश्लेषण : बीथोव्हेनला नेमके काय ऐकू येत नव्हते? श्रवणयंत्र निवडताना त्याची कहाणी का उपयोगी?

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील थोर रचनाकार लुडविग फान बीथोव्हेन याला तिशीच्या आतच कमी ऐकू येऊ लागले. काही वर्षे त्याने ते लपवले. त्याच्या काळी कानाला लावायचे धातूचे कर्णे होते, आज कानामागे बसणारे श्रवणयंत्र आहे. बीथोव्हेनने पत्रांतून मांडलेल्या तक्रारी वाचल्या, की अशा यंत्राने नेमके काय करायला हवे हे स्पष्ट होते.

सुरुवात कशी झाली?

जर्मनीतील बॉन येथे १७७० मध्ये जन्मलेला बीथोव्हेन १७९२ मध्ये व्हिएन्नाला आला आणि पियानोवादक म्हणून गाजला. साधारण १७९८ पासून त्याच्या कानात दिवसरात्र गुणगुण होऊ लागली. जून १८०१ मध्ये त्याने डॉक्टर मित्र फ्रान्झ व्हेगेलर याला पत्र लिहून सारे सांगितले. नाट्यगृहात लांब बसल्यास वाद्यांचे आणि गायकांचे उंच स्वर ऐकू येत नव्हते. कोणी हळू बोलले तर आवाज कळे, शब्द कळत नसत. पण कोणी ओरडून बोलले, तर ते सहन होत नसे. बरेच बहिरेपण असेच असते. सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, आधी उंच पट्टीतले जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत येत असल्याने बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही.

त्याने ते लपवले का?

संगीतकारालाच ऐकू येत नाही, हे उघड झाले तर विरोधक काय म्हणतील, ही भीती त्याला होती. सुमारे दोन वर्षे त्याने लोकांत मिसळणे टाळले. लोक त्याला तिरसट समजले. ऑक्टोबर १८०२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावी त्याने भावांना उद्देशून एक लेख लिहिला. सोबतच्या माणसाला दुरून बासरी ऐकू यावी आणि आपल्याला काहीच ऐकू येऊ नये, हा अपमान त्याला जिव्हारी लागला होता. आत्महत्येचा विचार मनात आला, पण कलेने मागे खेचले, असे त्यात नमूद आहे. तो लेख त्याने पाठवला नाही. मृत्यूनंतर तो कागदपत्रांत सापडला.

कर्णे अपुरे का पडले?

पुढे मेट्रोनोमसाठी प्रसिद्ध झालेल्या योहान मेल्त्सेल याने १८१२ ते १८१४ च्या सुमारास बीथोव्हेनसाठी कर्णे बनवले. कर्णा आवाज गोळा करून कानात सोडतो. मात्र ऐकणाऱ्याला कोणते स्वर कमी पडतात, हे त्याला कळत नाही आणि मोठा आवाज तो आवरू शकत नाही. १८१८ पासून बीथोव्हेनला भेटणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहून दाखवू लागले. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात नववी सिम्फनी प्रथम सादर झाली, तेव्हा श्रोत्यांचा प्रतिसाद दिसावा म्हणून गायिका कॅरोलिन उंगर हिने त्याला प्रेक्षकांकडे वळवले. २६ मार्च १८२७ रोजी त्याचे निधन झाले. शवविच्छेदनात श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या.

कानामागचे यंत्र काय वेगळे करते?

या यंत्रात मायक्रोफोन, आवाजावर प्रक्रिया करणारी चिप आणि छोटा स्पीकर असतो. काही यंत्रांत आवाज नळीतून कानात बसवलेल्या साच्यापर्यंत जातो, तर काही प्रकारांत स्पीकरच कानात बसतो. श्रवणचाचणीच्या आलेखानुसार ज्या पट्टीत उणीव जास्त, तिथे साधारणपणे वाढही जास्त दिली जाते. हळू आवाज जास्त वाढवला जातो, मोठा आवाज मर्यादेत ठेवला जातो. बीथोव्हेनच्या दोन्ही मुख्य तक्रारींना हे उत्तर आहे. मात्र कानाच्या आतल्या पेशी आणि नसा फारच निकामी झाल्या असतील, तर आवाज वाढवूनही शब्द स्पष्ट होत नाहीत.

निवडताना काय पाहावे?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आणि ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. अचानक किंवा एकाच कानाने ऐकू येणे कमी झाले, तर लगेच डॉक्टर गाठावा. सौम्य उणिवेला बारीक नळीचे यंत्र पुरते, तीव्र उणिवेला जास्त ताकदीचे यंत्र आणि कानाच्या मापाचा साचा लागतो. मुलांना कानामागचेच यंत्र सोयीचे, कारण कान वाढला की फक्त साचा बदलावा लागतो. बोटे थरथरणाऱ्या ज्येष्ठांनी चार्ज होणारे यंत्र पाहावे. दोन्ही कानांत उणीव असेल तर सहसा दोन यंत्रे उपयोगी ठरतात. शांत खोलीत नव्हे, घरच्या गोंगाटात वापरून पाहावे. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि सेटिंग पुन्हा जुळवावे लागते, म्हणून किमतीत ही सेवा धरली आहे का ते विचारावे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चाचणीची सोय आहे. यंत्र दिसेल या संकोचाने वर्षे घालवली, तर माणसे तुटत जातात. बीथोव्हेनच्या हाती पर्याय नव्हता, आज तो आहे.