सयामचा राजा चुलालोंगकोर्न

सयाम म्हणजे आजचें थायलंड. पश्चिमेस ब्रह्मदेशांत इंग्रज व पूर्वेस हिंदी-चीनमध्यें फ्रेंच, अशा दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रींत हें राज्य सांपडलें होतें. १८६८ सालीं, वयाच्या १५ व्या वर्षीं, चुलालोंगकोर्न गादीवर आला. १८७२ सालीं त्यानें हिंदुस्थानांत येऊन मुंबईही पाहिली. १८९३ सालीं फ्रेंच युद्धनौका बँकॉकपर्यंत आल्या. मेकाँगच्या पूर्वेचा प्रदेश सोडावा लागला. त्या दुःखानें राजा अंथरुणास खिळला. पण एकाच्या धाकानें दुसऱ्याचा मांडलिक झाला नाहीं. पुढें त्यानें गुलामगिरी मोडली, कारभार सुधारला. १९०७ सालीं फ्रेंचांस व १९०९ सालीं इंग्रजांस आणखी मुलूख देऊन उरलेलें राज्य स्वतंत्र राखलें. १९१० सालीं तो निवर्तला. काय सोडावें व काय प्राणपणानें जपावें, हें ओळखणें हीच आम्हांस त्याची खरी थोरवी वाटते.